इंजिन इथलं घ्यावं की बाहेरचं?

मायलेज, पॉवर, सनरूफ हे सगळं तुमचं पाहून झालं असेल, त्यात शिरत नाही. दोन गाड्या मनात भरल्यात, एकीचं इंजिन इथे बनतं, दुसरीचं बाहेरून येतं, अशा पेचात असाल तर बोलू. मी दोन्ही वापरल्यात.

आधीची सेडान बाहेरच्या इंजिनाची. नाव घेत नाही. चालवायला लोणी! सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद, हे काटा बघून कळायचं. मग एका मे महिन्यात खंबाटकी घाटात टेम्परेचर चढलं. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग तडकलं होतं. तळहातावर मावेल एवढा तुकडा. "पार्ट बाहेरून येतो सर, ऑर्डर टाकलीये," हे मी सव्वीस दिवस ऐकलं. गाडी वॉरंटीत होती, त्यामुळे पैसे गेले नाहीत. पण रोज सकाळी लेकीला क्लासला सोडायला रिक्षावाल्यांची मनधरणी. शेवटी स्वतः पुण्यातल्या नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. मिळालं ते दुसऱ्याच मॉडेलचं.

आता नेक्सॉन पेट्रोल आहे, इंजिन टाटांचं स्वतःचं रेव्होट्रॉन. तीन सिलिंडरची थरथर सीटखाली जाणवते, आणि टर्बो जागा होईपर्यंत जरा दम धरावा लागतो. कात्रजचा चढ लागला की जुनी गाडी आठवते, नाही असं नाही. पण मध्यंतरी कूलंटचा पाइप पाझरला, तेव्हा सकाळी टाकलेली गाडी संध्याकाळी घरी आली. एवढ्यावरून नियम काढू नये, मान्य.

आणि 'इथलं' म्हणजे आखणीही इथलीच हवी, असं मुळीच नाही. १.३ मल्टिजेट डिझेल मूळचं फियाटचं, इटलीतलं. पण बनायचं रांजणगावला आणि मानेसरला, बसायचं फियाट, टाटा, मारुती तिघांच्याही गाड्यांत. लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन'च म्हणत. २०२० मध्ये धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस-६ आले आणि ते इंजिन गेलं. तरी मेहुण्यांच्या जुन्या स्विफ्टचा पार्ट अजून काउंटरवर उभ्या उभ्या मिळतो.

म्हणून शोरूममध्ये "असेंबल इथेच होतं" एवढ्यावर मान डोलावू नका. आतले पार्ट कुठे बनतात, ते विचारा. विक्रेता मॅनेजरकडे बघायला लागला, की समजा.

घरात दुसरी गाडी असेल तर बाहेरचं इंजिन खुशाल घ्या, मजा येईल. आमच्या सोसायटीत पार्किंग एकाच गाडीचं आहे.