मुलांत स्वयंसेवक म्हणून जाण्याआधी: पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी सेवेबद्दल

मुंबईत अभ्यासिका, सुट्टीतील शिबिरे, क्रीडावर्ग, बालवाचनालये आणि बालगृहे यांत विनामोबदला काम करणारे पुष्कळ आहेत, आणि अलीकडे जबाबदार संस्था अशा प्रत्येकाकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागू लागल्या आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर भांडुप-कांजूरमार्ग भागातील एका अभ्यासिकेत पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवायचे ठरवले, तेव्हा मीही तो काढला. सेवेबद्दल माझे मत स्पष्टपणे अनुकूल आहे: मुलांमध्ये काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला काढावा आणि प्रत्येक संस्थेने तो मागावा. परंतु हा कागद नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे समजून न घेता तो फाइलला लावून मोकळे होणे मुलांच्या दृष्टीने धोक्याचे आहे, म्हणून सेवेच्या सोयी-गैरसोयींइतकेच तिच्या मर्यादांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

कायद्याची बाजू आधी पाहू. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ सालचा. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची, मग ते शिक्षक असोत वा शिक्षकेतर, कायम असोत वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाने सारा महाराष्ट्र हादरला. त्यातील आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता आणि त्याच महिन्यात कामावर रुजू झालेला होता. त्यानंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाद्वारे शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांविषयी पुन्हा बजावले. हे सर्व योग्यच आहे. मात्र २०२० च्या नियमाची रचना कर्मचाऱ्यांना धरून केलेली असून त्यात स्वयंसेवकांचा स्वतंत्र उल्लेख नाही. आठवड्यातून दोन दुपारी येणारी निवृत्त बाई, महाविद्यालयाच्या उपक्रमातून आलेले विद्यार्थी, कंपनीच्या सामाजिक कार्यक्रमातून शनिवारी येणारे तरुण यांची पडताळणी करायची की नाही, हे प्रत्यक्षात संस्थेच्या मनावर राहते. मुलाच्या जवळ कोण बसते हे महत्त्वाचे असेल, तर बसणाऱ्याला पगार मिळतो की नाही याने काय फरक पडतो?

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. नाव, जन्मतारीख, सध्याचा आणि आधीचा पत्ता, दाखला कशासाठी हवा आहे ते कारण, छायाचित्र, सही, ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा इतके तयार ठेवले की अर्ज एका बैठकीत पुरा होतो. शुल्कही ऑनलाइनच भरायचे असते आणि ते जड वाटावे इतके नाही. त्यानंतर आपण राहतो त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात मूळ कागदपत्रे घेऊन जावे लागते. येथे एक खुलासा करते, कारण याबाबत अनेकांचा गोंधळ होतो. पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपये भरून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र परदेशात नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असते. येथील संस्थेत काम करण्यासाठी त्या वाटेने जाण्याचे कारण नाही.

मला सर्वांत समाधान दिले ते ठाण्यातील पडताळणीने. काम पाहणाऱ्या अंमलदारांनी आधार कार्ड आणि विजेचे बिल पाहून बाजूला ठेवले, शिधापत्रिका उलटून मागची नोंद वाचली आणि विचारले, "मॅडम, लग्नाआधीचं नाव कुठल्या कागदावर आहे?" मी शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुढे केले. त्यांनी माहेरचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, अर्जाच्या प्रतीवर लिहून घेतले, त्याचे स्पेलिंग दाखल्याशी अक्षर अक्षर ताडून पाहिले आणि मग डोंबिवलीचा जुना पत्ता विचारला. हा प्रश्न किरकोळ नाही. आपल्याकडे लग्नानंतर बहुतेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काहींचे पहिले नावही बदलते. केवळ आजच्या नावावर नोंदी धुंडाळल्या, तर आयुष्याची पहिली वीस-पंचवीस वर्षे तपासातून आपोआप वगळली जातात. पुरुषांच्या बाबतीतही मधले नाव मोलाचे असते, कारण त्याच नावाच्या आणि आडनावाच्या अनेकांमधून माणूस वेगळा ओळखता येतो तो वडिलांच्या नावावरून.

याउलट, एका दुसऱ्या संस्थेने पूर्वी माझी तपासणी एका खासगी एजन्सीकडून करून घेतली होती. त्या एजन्सीने आधारची प्रत आणि मोबाइल क्रमांक एवढेच घेतले, माहेरच्या नावाची किंवा आधीच्या पत्त्याची चौकशी केली नाही, आणि हिरव्या शिक्क्याचा सुबक अहवाल पाठवून दिला. अशा अहवालांना काहीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. न्यायालयांच्या सार्वजनिक नोंदींत नाव शोधणे हे उपयोगाचे काम आहे. परंतु खासगी एजन्सीला पोलिसांच्या नोंदी उघडून पाहता येत नाहीत. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे आहे आणि केवळ पोलीस व तपास यंत्रणांनाच पाहता येते. तेव्हा कोणी "सर्व नोंदी तपासल्या" असे छापून देत असेल, तर संस्थेने कोणत्या नोंदी, कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्यांसाठी तपासल्या हे लेखी मागावे.

मुंबईकरांसाठी हद्दीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, आणि मी तो मुद्दाम विस्ताराने मांडते. रोजच्या व्यवहारात आपण चर्चगेटपासून विरारपर्यंत आणि सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत सगळ्याला मुंबईच म्हणतो. पोलिसांच्या दृष्टीने मात्र मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे आयुक्तालय लागते, ऐरोलीचा पूल ओलांडला की नवी मुंबई, आणि दहिसर चेकनाक्यापलीकडे १ ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत असलेले मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. माझ्यासारख्या, डोंबिवलीत संसाराची पहिली वर्षे काढून मुलुंडला आलेल्या कुटुंबांची येथे कमतरता नाही. भाड्याच्या घरात राहणारे तरुण तर अकरा महिन्यांच्या करारागणिक उपनगर बदलतात. अशा वेळी मागील काही वर्षांतील प्रत्येक पत्ता अर्जात प्रामाणिकपणे लिहिणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे, आणि ते पत्ते स्वतःकडील माहितीशी पडताळून पाहणे संस्थेची. एखाद्याने गेल्या तीन वर्षांत वसई, घणसोली आणि कुर्ला येथे वास्तव्य केले असेल आणि दाखल्यात केवळ कुर्ल्याचा पत्ता असेल, तर उरलेल्या काळाबद्दल स्वतंत्र दाखला मागण्यात संकोच बाळगू नये. यात माणसावर अविश्वास दाखवल्यासारखे मुळीच नाही. नियम सर्वांना सारखा लावला की कोणालाही अपमान वाटण्याचे कारण उरत नाही.

इतके सगळे नीट पार पडले तरी दाखला सांगतो तो एवढेच, की या नावाच्या आणि या पत्त्याच्या व्यक्तीविरुद्ध अमुक तारखेपर्यंत तपासलेल्या अभिलेखात प्रतिकूल नोंद आढळली नाही. मुलांवरील अत्याचारांच्या प्रकरणांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो, आणि त्यातल्या कितीतरी घटना पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत. तक्रार झाली नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर दाखला निर्मळ. म्हणूनच मी ज्या अभ्यासिकेत शिकवते तिची पद्धत मला दाखल्याहूनही अधिक मोलाची वाटते. तेथील समन्वयक ताईंनी माझ्याकडून नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची नावे घेतली, त्यांना स्वतः फोन केला आणि स्वभाव कसा आहे, वक्तशीर आहेत का असल्या प्रश्नांत वेळ न घालवता सरळ विचारले, "तुमचं स्वतःचं मूल आख्खी दुपार यांच्याजवळ एकटं ठेवाल का?" माझ्या जुन्या सहकारी बाईंनी मला नंतर सांगितले की या प्रश्नाला तोंडदेखले उत्तर देणे शक्यच नव्हते. मुलाखतीत मला रागावलेल्या मुलाला कसे हाताळाल, एखादी मुलगी वर्ग संपल्यावर घरी जायला तयार नसेल तर काय कराल, असे प्रसंग दिले गेले. पहिला महिना मी दुसऱ्या शिक्षिकेसोबत बसले.

नियमही लेखी आहेत आणि पाळले जातात. कोणताही प्रौढ मुलासोबत बंद खोलीत एकटा थांबत नाही. वर्ग चालू असताना दार उघडे असते. मुलांशी खासगी व्हॉट्सॲपवर बोलायचे नाही, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायची नाहीत. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती मिळाल्यास किंवा तो होण्याची शक्यता वाटल्यास ती पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, हे तेथे प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला समजावून सांगितले जाते. भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीला मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक लावलेला आहे. ही मदतवाहिनी १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून उभी राहिली, आणि आमच्या अभ्यासिकेतील सहावीच्या मुलींना तो क्रमांक पाठ आहे.

दाखल्यात प्रतिकूल नोंद आली तर काय करावे, याचा विचार बहुतेक संस्थांनी केलेला दिसत नाही. जमावबंदी मोडून मोर्चात गेल्याचा गुन्हा आणि मुलाला इजा केल्याचा गुन्हा यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे, आणि नोंद दिसताच घाबरून दार लावल्याने कितीतरी चांगली माणसे दुरावतात. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार, वयाच्या अठरा वर्षांआधी घडलेल्या गुन्ह्यामुळे त्या कायद्याखाली हाताळल्या गेलेल्या मुलाला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. अपवाद आहे तो बालन्यायालयाने दोषी ठरवलेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा. निरीक्षणगृहात दिवस काढलेला तरुण आज मुलांसाठी काही करू पाहत असेल, तर त्याला कायद्याने दिलेली ही नवी सुरुवात संस्थेने मागच्या दाराने काढून घेऊ नये. नोंद कशाची आहे, खटल्याचे पुढे काय झाले, हे दोन जबाबदार व्यक्तींनी बसून वाचावे, अर्जदाराचे म्हणणे ऐकावे आणि निर्णय कारणांसह लिहून ठेवावा. मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची नोंद असेल तेथे मात्र तडजोड नको.

शासनाकडून दोन सुधारणा व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. पहिली, पडताळणीच्या नियमात स्वयंसेवकांचा स्पष्ट समावेश करावा. दुसरी, मुलांसोबत विनामोबदला काम करणाऱ्यांना शुल्क माफ असावे. ब्रिटनमध्ये गुन्ह्यांच्या नोंदी तपासून दाखला देणारी डीबीएस ही सरकारी यंत्रणा स्वयंसेवकांची तपासणी विनाशुल्क करते. आपल्याकडील रक्कम लहान असली, तरी वस्तीतील ज्या ताई-दादा स्वतःच्या धाकट्या भावंडांसोबत इतरांच्या मुलांचाही अभ्यास घेतात, त्यांनी ती का भरावी?

ज्यांना या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी सुट्टीतील शिबिरांची वाट न पाहता फेब्रुवारीतच तो करावा. ठाण्यात जाताना मूळ कागदांसोबत प्रत्येकाची स्वसाक्षांकित प्रत न्यावी. स्त्रियांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र अवश्य जवळ ठेवावे. दाखला हाती आल्यावर नाव, पत्ता आणि तारीख ताबडतोब तपासावी, मूळ प्रत स्वतःकडे ठेवून संस्थेला प्रत द्यावी, आणि ती कोठे ठेवली जाईल व कोण पाहील हे विचारून घ्यावे. आमच्या अभ्यासिकेत हे कागद कुलूपबंद कपाटात असतात आणि दर जूनमध्ये, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना, समन्वयक ताई जुन्या झालेल्या दाखल्यांची यादी काढून ज्यांचे ज्यांचे नाव त्यात असेल त्यांना नव्याने अर्ज करायला सांगतात.