देवबागला अख्खी होडी घेऊन गरवायला गेलो : तांडेल ५ पैकी ५, बुकिंगवाला ५ पैकी १

आधीच सांगून टाकते, तांडेल म्हणजे होडीवाल्या काकांचं नाव किंवा नंबर इथे टाकणार नाहीये, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, सीझनला फोन वाजून वाजून डोकं उठतं म्हणे. बुकिंगवाल्याचं नाव टाकायची मला खूप इच्छा आहे पण नवरा म्हणतो जाऊ दे. तर दोघेही बिननावाचे. पण काय बघायचं, काय विचारायचं हे कळलं तरी तुमचं काम होईल.

माझं आजोळ रत्नागिरीचं. मे महिन्यात मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मामाबरोबर पाय सोडून बसायचं आणि गरवायचं. गरी, दोरी, शिशाचा तुकडा आणि घरातून पळवलेली कोळंबी, बास. घाटावरच्यांसाठी सांगते, गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. नंतर पुणं, नोकरी, लग्न, आणि मासे फक्त मंडईत. म्हणून चाळिसाव्या वाढदिवसाला घरी सांगितलं की साडी नको, एक सकाळ होडी पाहिजे, आणि ती अख्खी पाहिजे, शेअरिंग अजिबात नको. कारण काही वर्षांपूर्वी गोव्यात शेअरिंगवाली 'फिशिंग ट्रिप' केली होती, वीस-बावीस माणसं, गाणी चालू, एका दोरीला दहा मिनिटं, आणि ज्याला मासा लागला त्याच्याबरोबर बाकीच्यांचे सेल्फी. गळाला जे लागलं ते बोटवाल्यांनी ठेवून घेतलं.

यावेळी देवबाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मालवणहून तारकर्लीच्या पुढे गेलं की जमीन चिंचोळी होत जाते, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघं भेटतात तो संगम. होड्या नदीच्या बाजूने सुटतात. आम्ही चौघं, मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि माझा दीर, जो खास या ट्रिपसाठी नवीन रॉड घेऊन आला होता आणि अख्ख्या प्रवासात त्या रॉडशिवाय दुसऱ्या कशावरही बोलला नाही.

बुकिंग होमस्टेतून एका एजंटतर्फे केलं. चार तास, प्रायव्हेट, ५,५०० रुपये. व्हॉट्सअॅपवर आलेल्या जाहिरातीत काय काय होतं : रॉड, आमिष, लाईफ जॅकेट, नाश्ता, आणि 'किल्ल्याच्या मागे फिशिंग'. वेळ सकाळी ९. मी विचारलं पण होतं की इतक्या उशिरा का, तर म्हणे मॅडम टुरिस्ट लोक लवकर उठत नाहीत.

आदल्या रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, तुमका ९ वाजता येवक कोणी सांगल्यान? तोपर्यंत वारो सुटतलो. साडेपाचाक जेटीर येवा." हे तांडेल काका. त्यांनी होमस्टेवाल्यांकडून नंबर घेऊन स्वतः फोन केला होता, आणि माझ्या मते त्या एका फोनवरच आमची ट्रिप वाचली. कारण हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर समुद्र तळ्यासारखा, दहा-साडेदहानंतर वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि मग छोट्या होडीत नुसतं उसळणं. ९ ला निघालो असतो तर नवरा बंदरातच संपला असता. तसा तो नंतर संपलाच, पण ते पुढे सांगते.

साडेपाचला मिट्ट काळोख, डोक्यावर अर्धा चंद्र. अष्टमी होती आणि ती पण काकांच्या हिशोबाने चांगली, कारण भांगाचं पाणी, ओढ कमी. पुनवेला-अवसेला उधाण असतं तेव्हा शिसं तळाला टिकत नाही, दोरी नुसती वाहत जाते. तुम्ही तारीख ठरवताना शनिवार-रविवारच्या आधी कालनिर्णय बघा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्या महिन्यांत कोणी ट्रिप विकत असेल तर फोन ठेवून द्या.

होडी फायबरची, साधी, वर छप्पर नाही, आणि बायकांसाठी महत्त्वाचं म्हणजे टॉयलेट नाही. साडेचार तास. पाणी बेताने प्या, हे कोणी सांगत नाही. लाईफ जॅकेट पाच होती, त्यातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, ते काकांनी स्वतः घातलं आणि नायलॉनच्या दोरीने बांधलं. जाहिरातीतले रॉड दोन निघाले, एकाची रिंग गंजलेली आणि दुसऱ्याचं रील फिरवलं की कॉफी दळल्यासारखा आवाज. ते रॉड एजंटचे. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बाजूला ठेवून दिले, आणि फळीखालून आपल्या दोऱ्या काढल्या, चौकोनी थर्माकोलवर नीट गुंडाळलेल्या. नाश्ता वगैरे काही नव्हता. पार्ले-जी आमच्याकडे होते म्हणून निभावलं.

संगमावर लाटा फुटतात तिथून बाहेर पडणं हा एकच भाग मला भीतीदायक वाटला. काकांनी इंजिन अगदी हळू केलं आणि नुसते बघत उभे राहिले, एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि मग एकदम इंजिन ताणून बाहेर. लेक म्हणाली पुन्हा करूया.

मी विचारलं किल्ल्याकडे जायचंय ना, तर काका हसले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर हा मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे, १९८७ पासून, अभयारण्य एकूण २९.१२ चौरस किलोमीटरचं. म्हणजे एजंट जे 'किल्ल्याच्या मागे' म्हणून विकत होता तिथे गळ टाकायचाच नाही. आणि वेंगुर्ला रॉक्स म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटांपर्यंत जाऊया का असं दिराने विचारल्यावर त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, एवढ्याशा होडीतून पोरीला घेऊन तिथे नाही. मला हा नकार फार आवडला. पैसे घेणारा माणूस नाही म्हणतो तेव्हा जरा बरं वाटतं.

आम्ही दक्षिणेला भोगव्याच्या पुढे निवतीच्या बाजूला गेलो, किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटर असू. जीपीएस नाही. काका उभे राहून किनाऱ्याकडे बघत होते, निवतीच्या किल्ल्याचं टोक आणि मागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली, मग दुसऱ्या बाजूला एक माड आणि देवळाचा कळस, आणि म्हणाले हं, नांगर. आठ वाव पाणी, म्हणजे साधारण पन्नास फूट, खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ. दिराच्या फोनमधल्या अॅपला तिथे नुसतं निळं दिसत होतं.

आमिष म्हणून कोळंबी, माकूल (म्हणजे स्क्विड) आणि बांगड्याचे तुकडे. माकूल गरीवर टिकते, लहान मासे लुचून लुचून संपवू शकत नाहीत, म्हणून पहिल्यांदा तीच. दोरी बोटावर कशी ठेवायची ते लेकीला दाखवलं, मुठीत नाही, तर्जनीच्या पेरावरून, म्हणजे खाली कोण काय करतंय ते कळतं. टक टक टक म्हणजे बारका मासा, एकदम जड ओढ म्हणजे काहीतरी खरं. मला वाटलं होतं मी विसरले असेन. पण बोटाला सगळं आठवत होतं, पहिल्या टक-टकला हात आपोआप वर गेला.

पहिल्या तासात राणे लागले, सात-आठ, गुलाबी, सुंदर. मग नवऱ्याची दोरी जड झाली, तो एकदम खूश, वर आला केंड. टम्म फुगून चेंडू झालेला, आणि दात असे की शिशाच्या वरची दोरी अर्धी कुरतडलेली. विषारी असतो, खायचा नाही, काकांनी सोडून दिला तर तो फुगलेलाच उलटा तरंगत गेला थोडा वेळ. त्यानंतर दिराला शेंगाळा. त्याने उत्साहात हात घातला आणि काका एवढ्या जोरात ओरडले की लेक दचकली. शेंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांत विष असतं, लागला तर हात दिवसभर ठणकतो. त्यांनी फडकं टाकून दाबला, पकडीने कट कट कट तीन काटे मोडले, मग गरी काढली. तुम्ही कुठल्याही होडीवर जा, मासा वर आला की आधी होडीवाल्याला विचारा हात लावू का.

साडेआठच्या सुमारास सगळं थंड. पंधरा मिनिटं एक टक नाही. आणि इथेच प्रायव्हेट होडीचे पैसे वसूल झाले. काका म्हणाले, "हय काय गावाचा नाय आता, फुडे जाऊया," नांगर उचलला आणि निघालो. असं तीन वेळा. गोव्यात त्या बोटीने एकदा नांगर टाकला तो परतीलाच काढला होता. अख्खी होडी घ्यायची ती जागा ऐसपैस मिळते म्हणून नाही, मासा हलला की तुम्हाला हलता येतं म्हणून.

तिसऱ्या जागी माझ्या दोरीला जे लागलं त्याने टकटक केलंच नाही. नुसतं खाली खेचलं, आणि मी दोन हात ओढेपर्यंत दोरी घट्ट, जशी काय खडकाला बांधली. मला वाटलं अडकली. काकांनी दोरीला बोट लावलं आणि म्हणाले गोबरो आसा, बिळात शिरलो. गोबरा खडपाच्या कपारीत घुसतो आणि अंग फुगवून, कल्ले ताणून बसतो, ओढाल तेवढा घट्ट होतो आणि दोरी खडकावर घासून तुटते. "ओढू नको गो. सैल सोड. तेका वाटूंदे गेले म्हणून." दोरी सैल सोडून मी बसले. पाच मिनिटं झाली असतील, मला ती अर्ध्या तासासारखी वाटली, दीर सारखा म्हणतोय गेला असेल वहिनी, ओढ आता, काका मानेनेच नको म्हणतायत. मग सैल दोरी आपोआप जराशी सरकली, एवढीशी, बोटभर. "आता!" आणि मी उठून उभं राहून ओढलं, नको होतं उभं राहायला, पण ओढलं. तपकिरी, ठिपक्या-ठिपक्यांचा, जाड ओठांचा गोबरा. घरी वजन केलं, १ किलो ८०० ग्रॅम. दोरीने तर्जनीला चर पडला होता तो आठवडाभर होता, ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला.

दिराच्या रॉडचं विचाराल तर, वाईट नव्हता. प्लास्टिकचे मासे लावून त्याने तासभर फेकाफेक केली, काही नाही, उलट माझ्या दोरीत एकदा गुंता करून ठेवला. शेवटी त्यालाच बांगड्याचा तुकडा लावून खाली सोडला तर एक छान तांबोशी आली. रॉड आपला आपण न्या, पण आमिष काकांचं वापरा.

नवरा. त्याने उलटीची गोळी होडीत बसल्यावर घेतली. ती निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते हे मी तीन वेळा सांगितलं होतं. होडी चालू असताना ठीक होता, नांगर टाकून डुलायला लागली की पांढराफटक. काकांनी त्याला मध्ये बसवलं आणि किनाऱ्याकडे बघत राहायला सांगितलं, दोरीकडे बघायचं नाही. घरात असं कोणी असेल तर त्यांचा सल्ला असा की समुद्रात न्यायचंच नाही, कर्लीच्या खाडीत चोणक गरवायला जायचं, पाणी शांत आणि मासा तगडा. पुढच्या वेळी तेच करू, म्हणजे तो तरी करेल.

परत येताना संगमाबाहेर डॉल्फिन दिसले, पाठीवर कुबड असलेले, चार-पाच. डॉल्फिन बघायला आलेल्या बोटींनी त्यांना घेरायला सुरुवात केली तसे काका लांबून वळले. मग जरा मोकळे बोलले, की पूर्वी एवढ्या लांब यावंच लागत नव्हतं, आता रात्री एलईडीवाले येतात. तसल्या लाईट लावून मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. "बंदी कागदार," म्हणाले, आणि विषय बदलला. बारके राणे त्यांनी लागल्या लागल्या परत सोडायला लावले होते ते मला तेव्हा नीट कळलं.

पैशाचं. जेटीवर मी विचारलं तेव्हा कळलं की ५,५०० मधले काकांच्या हातात ३,५०० येतात. पहाटे उठले ते, डिझेल त्यांचं, दोऱ्या त्यांच्या, गोबरा कसा काढायचा ते त्यांना माहीत, आणि एजंटने काय दिलं तर दोन गंजके रॉड आणि चुकीची वेळ. "फुडच्या वेळेक सरळ माकाच फोन कर." तुम्ही पण होमस्टेवाल्यांना सांगा की तांडेलाशी बोलणं करून द्या, आणि त्यांना विचारा किती वाजता निघायचं. जो पाच-साडेपाच म्हणेल तो खरा, जो तुम्हालाच विचारेल 'तुम्हाला कितीला जमेल' त्याला सोडा. मासे कोणाचे ते पण आधीच ठरवा, आमचे आम्हाला सगळे मिळाले, शेंगाळा तेवढा काकांना दिला, त्यांनीच मागितला.

मासे होमस्टेच्या काकूंना दिले, करून द्यायचे ४०० रुपये वेगळे, ठीक आहे. राण्यांचं तिकलं (तिखट कालवण) आणि तांबोशी तळलेली, गोबऱ्याच्या तुकड्या, सगळं अप्रतिम, लेकीने चार भाकऱ्या खाल्ल्या. फक्त गोबऱ्याचं डोकं ताटात नव्हतं. डोकं म्हणजे गोबऱ्याचा सगळ्यात चांगला भाग, मामा ते कोणाला द्यायचा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं काकू डोकं कुठे, तर त्या जेवत होत्या, आणि जे जेवत होत्या ते तेच होतं. "गो बाय, तुमी पुणेकार, तुमका डोका खयं लागता?"

मी सांगितलं, आजोळ रत्नागिरीचं आहे. मग उरलेलं अर्धं दिलं.