वात्तोची रेखाटने: ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रह

आंत्वान वात्तो (१६८४–१७२१) या फ्रेंच चित्रकाराची, उद्यानात रमलेल्या सरदारी स्त्री-पुरुषांची तैलचित्रे पुस्तकांतून अनेकांनी पाहिलेली असतात. त्यांच्यामागची कच्ची रेखाटने मात्र सहसा नजरेस पडत नाहीत. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर ती घरबसल्या आणि विनाशुल्क पाहता येतात, आणि माझ्या मते ती तैलचित्रांपेक्षाही सरस आहेत.

शोधपेटीत वात्तोचे नाव टाकले की रेखाटने आणि त्यांवरून केलेली मुद्राचित्रे (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रे) एकत्रच समोर येतात, म्हणून प्रथम केवळ रेखाटने निवडून घ्यावीत. एका कागदावर तरुणीच्या मस्तकाचे चार अभ्यास आहेत. चित्र मोठे करत गेल्यावर लाल खडूने साधलेली त्वचेची ऊब, काळ्या खडूने दिलेला केसांचा जोर आणि पांढऱ्याची जपून केलेली पखरण वेगवेगळी दिसू लागते, आणि हात कुठे रेंगाळला, कुठे झरकन निघून गेला, हेही कळते. वात्तोचा मित्र केलुस याने नोंदवले आहे की तो बांधीव वह्यांमध्ये रेखाटने करी, ठरावीक चित्र डोळ्यांपुढे नसतानाही करी, आणि स्वतःजवळचे नाटकी, दरबारी पोशाख माणसांना चढवून त्यांना समोर बसवी. पुढे चित्र रंगवताना तो याच वह्यांतून आकृत्या उचली, त्यामुळे एकच आकृती एकाहून अधिक चित्रांत भेटते. यांना ‘पूर्वतयारी’ म्हणणे म्हणूनच थोडे अपुरे वाटते. हा खरे तर त्याचा साठाच होता. १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजकीय चित्रकला अकादमीने त्याला ज्या ‘फेत गालांत’ (उद्यानातल्या सरदारी मेळाव्यांची चित्रे) प्रकारासाठी सदस्यत्व दिले, त्यातली नजाकत या साठ्यातूनच आलेली आहे.

त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र आणि संग्राहक जुलिएन याने १७२६ आणि १७२८ मध्ये त्याची रेखाटने मुद्राचित्रांच्या रूपात दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांपैकी शंभराहून अधिक पुढे नामांकित चित्रकार झालेल्या तरुण बूशेने कोरलेली आहेत, पण कोरीव रेषेत खडूचा मऊपणा उरत नाही.

पडद्याची मर्यादा अर्थातच आहे: हातभर लांबीचाही नसलेला कागद भिंतीएवढा भासतो, म्हणून नोंदीतली मापे आधी वाचावीत. टिपणे अभ्यासकांसाठी लिहिलेली असल्याने नवख्याला जड जातील. प्रतिमा श्रेय देऊन अव्यावसायिक कामासाठी वापरता येतात; पुस्तक विक्रीला काढायचे असल्यास वेगळी परवानगी लागते. लंडनला जाणे होणार असेल, तर म्युझियमच्या अभ्यासिकेची वेळ आधी ठरवून मूळ कागद मागवावेत.