आधी स्वातंत्र्य की आधी समता?

लोकशाहीला दोन्ही हवीत, यावर आपलं एकमत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच, की दोन्हींत ओढाताण झाली तर आधी कुणाचं ऐकायचं?

स्वातंत्र्याच्या बाजूचं खरं बळ म्हणजे चूक दाखवून देण्याची सोय. सोव्हिएत संघात समतेचा घोष होता, पण पक्ष एकच. वाटप करणारा चुकला तर त्याला जाब विचारायला जागा नव्हती. शेवटी पक्षाच्या बड्या अधिकाऱ्यांसाठी दुकानंसुद्धा वेगळी निघाली. त्यामुळे ‘आधी स्वातंत्र्य’ म्हणणाऱ्यांची भीती मला पोकळ वाटत नाही.

तरी माझा कौल दुसरीकडे झुकला, आणि त्याला कारण ठरलं एक वाक्य: “बोलायला कुणी अडवलंय?” मी सभासद असलेल्या एका संस्थेच्या सभांमध्ये हे सतत ऐकू यायचं. मुभा सगळ्यांनाच होती. बोलायचे मात्र तेच ते चार-पाच जण. सभेचे कागद त्यांच्याकडे आधीच पोचलेले असायचे, वेळेची ददात नसायची, आणि इतरांचं काही ना काही काम त्यांच्याकडे अडलेलं असायचं. मागच्या रांगेतली माणसं ठराव झाल्यावर जिन्यात बोलायची. कुणी कुरकुर केली की हे वाक्य ठरलेलं. मला सगळ्यात खुपायचं ते हे, की ते खोटं नसायचं. पुढे कागद सर्वांना आधी द्यायचे आणि बोलायला वेळ सारखा, असा नियम झाला. तेव्हा कुठे काही जणांची मतं पहिल्यांदा कळली. ज्यांचा वेळ घटला त्यांना ही गळचेपी वाटली. त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर थोडी होतीही.

देशांच्या पातळीवर हाच वाद निवडणुकीतल्या पैशावरून होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ खटल्यात प्रचारखर्चावरची मर्यादा रद्द केली, देणग्यांवरची ठेवली. काहींचा आवाज वर यावा म्हणून इतरांचा आवरायचा, हे त्याला पटलं नाही. ब्रिटनमध्ये उमेदवाराच्या खर्चाला १८८३ पासून मर्यादा आहे. टीव्ही-रेडिओवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१३ मध्ये ही जाहिरातबंदी ९ विरुद्ध ८ मतांनी ग्राह्य धरली. इतकं काठावरचं प्रकरण, तेव्हा ठामपणे बोलणं अवघड. पण मला ब्रिटिश वाट अधिक रास्त वाटते.

बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दोन्हीकडचा धोका सांगितला होता: समतेवाचून स्वातंत्र्य आलं तर मूठभरांचं वर्चस्व, आणि स्वातंत्र्यावाचून समता आली तर माणसाची उमेदच संपते. यातला पहिला धोका मी जवळून पाहिलाय, म्हणून माझं माप तिकडे झुकत असेल.

जिथे सत्तेवरचा माणूस मतानं हटवता येत नाही, तिथे मी आधी स्वातंत्र्यच मागेन. जिथे येतो, तिथे आधी समता. फक्त वेळ वाटून देणारा अध्यक्ष बदलण्याचा हक्क सभेनं स्वतःकडेच ठेवावा.