टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन, खंड पहिला : बोक्याची गाणारी बाजू

दोन ब्लू-रे डिस्क आणि १९४० ते १९४८ या काळातली ३७ कार्टून्स, ज्या क्रमाने पडद्यावर आली त्याच क्रमाने. वॉर्नर या चित्रपट कंपनीने २०११ मध्ये काढलेला हा संच मी घेतला तो माझ्या तबल्याच्या वर्गासाठी. मुलांच्या हातात लय यायच्या आधी ती कानात बसावी लागते, आणि त्यासाठी टॉमसारखा दुसरा गुरुबंधू मला मिळालेला नाही.

टॉम जवळजवळ बोलत नाही. किंचाळतो तेव्हा आवाज असतो विल्यम हॅना यांचा, म्हणजे त्याच्या दोन जन्मदात्यांपैकी एकाचा. बाकी सगळं त्याच्या वतीने वाद्यवृंद बोलतो. तो दबकत चालला, दचकला, जेरी हाती लागला म्हणून खूश झाला, प्रत्येक गोष्ट कुठलं ना कुठलं वाद्य सांगून जातं. हे संगीत स्कॉट ब्रॅडली यांचं. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं तेव्हापासून आपण हे बघत आलो, पण टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरमधून आणि घरातल्या गलक्यात. इथे बाकी जुना मोनो ध्वनिपट बऱ्यापैकी स्वच्छ करून दिलाय. साधे पण बरे स्पीकर लावले तरी तळातला बॅसून, म्हणजे खर्जात वाजणारं फुंकवाद्य, सुटा ऐकू येतो.

मला सगळ्यात थक्क करतो तो हिशेब. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम). बारा चौकटींवर एक ठोका धरला की मिनिटाला १२० मात्रा झाल्या, आठवर धरला की १८०. टॉमचे दुसरे जन्मदाते जोसेफ बार्बेरा प्रसंग रचून रेखाटायचे आणि हॅना या चौकटींच्या हिशेबाने कागदावर वेळ बांधायचे. टॉमचं पाऊल कितव्या चौकटीला पडणार, तवा डोक्यात कधी बसणार, सगळं ठरलेलं. ब्रॅडलींची स्वररचना त्याच मापात बसवलेली. म्हणून मारधाड कितीही बेफाम दिसली तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकत नाही. माझी मुलं टाळी देत बघतात, आणि टॉम आपटतो तिथे टाळी बरोबर पडते.

दुसऱ्या डिस्कवरचं ‘द कॅट कॉन्सर्टो’ (१९४७) आधी बघा. टॉम मागे लांब टोकं असलेला मैफलीचा कोट घालून रंगमंचावर येतो आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांची दुसरी ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही पियानोरचना वाजवायला बसतो. जेरी पियानोच्या आत, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर झोपलेला. पहिल्यांदा बघताना लक्ष जेरीकडे जातं. दुसऱ्यांदा टॉमच्या बोटांकडे बघा. सूर उजवीकडे चढला की हात उजवीकडे सरकतो, जोरकस स्वरसमूह आला की खांद्यातून वजन येतं. वाजवणाऱ्याचं अंग ज्यांनी नीट पाहिलंय, त्यांनीच हे काढलंय. पुढे हात जेरीला पकडण्यात गुंतले तरी पाय वाजवत राहतात, वादन थांबत नाही. मधेच जेरी आतून चाल बदलून टाकतो, लिस्टवरून थेट त्या काळच्या अमेरिकन नाचऱ्या गाण्यावर, आणि टॉमला त्याच्यामागे जावं लागतं. साथीला बसलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. शेवटी दमून कोसळतो टॉम आणि टाळ्या घेतो जेरी. मला दर वेळी टॉमसाठी वाईट वाटतं. अख्खी मैफल त्याने पेलली होती.

‘क्वाएट प्लीज!’ (१९४५) मी ‘खाली’, म्हणजे तालातली टाळी न देण्याची जागा, समजावताना दाखवते. कुत्र्याने दम दिलाय की झोपमोड झाली तर खैर नाही. जेरी विजेचे दिवे खाली टाकतो आणि टॉम ते एकेक झेलतो. फुटण्याचा आवाज येणार, येणार असं वाटतं आणि येत नाही. न वाजलेल्या मात्रेचं वजन मुलांना इथे कळतं. या दोन्हींना ऑस्कर मिळालं. मालिकेच्या एकूण सात ऑस्करपैकी चार या संचातल्या कार्टून्सची आहेत.

चित्राबद्दल. पहिल्या ‘पुस गेट्स द बूट’मध्ये (१९४०) बोक्याचं नाव जॅस्पर आहे, अंगावर केसांच्या बारीक रेघा आहेत आणि चालतो तो चार पायांवर. (त्या वर्षी याला ऑस्करचं नामांकन होतं. बक्षीस गेलं ते ही कार्टून्स काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्याच दुसऱ्या कार्टूनला, आणि त्यातही मांजराची पिल्लंच होती!) पुढच्या चार-पाच वर्षांत त्याचं अंग गुळगुळीत आणि चेहरा बोलका होत गेलेला इथे ओळीने बघायला मिळतो. रंग सुरेख आहेत, पण सगळीकडे सारखे नाहीत. काही कार्टून्स लख्ख, काही जरा मऊ. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या पाट्याही पुन्हा प्रदर्शित करतानाच्या आहेत, मूळच्या नाहीत.

घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई इथे लिलियन रँडॉल्फ यांच्या मूळ आवाजात आहे. मधल्या काळात तो आवाज बदलून टाकला होता. काळ्या लोकांची टिंगल करणारे काही प्रसंग या कार्टून्समध्ये आहेत, आणि हे तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, असं संचात स्पष्ट म्हटलंय. मला हे पटतं. कापून टाकण्यापेक्षा सांगून दाखवावं. मात्र लहान मुलांना एकटं बसवून डिस्क लावून देऊ नका. शेजारी बसा, विचारतील तेव्हा सांगा.

खरी हळहळ दुसऱ्या खंडाची. तो २०१३ साठी जाहीर झाला होता, पण दोन कार्टून्स वगळणार म्हटल्यावर चाहत्यांनी कडाडून हरकत घेतली आणि तो निघालाच नाही. हॅना-बार्बेरांनी एमजीएमसाठी १९५८ पर्यंत ११४ कार्टून्स केली. या संचात ३७ वर थांबणं जिवावर येतं.

संगीत शिकणाऱ्याने, शिकवणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. फक्त मुलांना गप्प बसवायला हवा असेल तर टीव्हीवरचं पुरे. जुना संच विकत घेत असाल तर खोक्यात दोन्ही डिस्क आहेत ना ते उघडून बघा, कारण ‘कॅट कॉन्सर्टो’ दुसरीवर आहे.