पोटमाळ्याची हवा: आढ्यावरचा व्हेंट, टर्बो व्हेंटिलेटर की सरळ पंखा?

उतरत्या छपराचं घर असलं की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. वरच्या खोल्या दुपारनंतर भट्टीसारख्या तापतात किंवा छताच्या कोपऱ्यात काळपट डाग दिसायला लागतात, आणि मग कोणी म्हणतं पंखा बसवा, कोणी म्हणतं वर तो गरगर फिरणारा टर्बो टाका, कोणी म्हणतं आढ्यावर लांब फट ठेवून व्हेंट काढा. मी या सगळ्यातून गेलोय म्हणून एका जागी लिहितोय, कारण यात चुकीचं काही बसवलं तर पैसे जातातच, वर त्रास आहे त्यापेक्षा वाढतो.

काहीही ठरवण्याआधी माळ्यावर चढून बघा. मी पहिल्यांदा टॉर्च घेऊन वर गेलो ती थंडीतली पहाट होती, आणि छपराच्या प्लायमधून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर एकेक पाण्याचा थेंब लटकत होता, ओळीने, आणि काही खिळ्यांभोवती प्लाय नाण्याएवढा काळा पडलेला. मला वाटलं छप्पर गळतंय, पण पाऊस कित्येक दिवस झालाच नव्हता. ते पाणी घरातलंच होतं. चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळ, स्वयंपाक, ओले कपडे या सगळ्यातून दिवसाला ८-१० लिटर पाणी सहज वाफ होऊन हवेत जातं आणि ती दमट हवा दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झाकणाच्या फटीतून वर चढते. २० अंशाची, ५० टक्के आर्द्रतेची हवा साधारण ९ अंशाच्या वस्तूला लागली की तिचं पाणी होतं, आणि खिळ्याचं टोक थंडीत लाकडाच्या आधी तेवढं गार पडतं. हेच रोज होत राहिलं की प्लाय कुजतो, बुरशी येते, इन्सुलेशन (उष्णता अडवायला माळ्यावर टाकलेला थर) ओलं होऊन बसतं आणि मग ते नसल्यातच जमा. बर्फाच्या भागात अजून एक संकट, माळा गरम असला की छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येऊन परत गोठतं आणि मागचं पाणी अडून छपराच्या आत शिरतं. उन्हाळ्यात तोच माळा ६० अंशाच्या वर जातो.

आता पर्याय.

मला सगळ्यात पटलेला म्हणजे वळचणीखालून हवा आत आणि आढ्यावरून बाहेर. गरम हवा आपोआप वर जाते, वरून निघाली की खालून गार हवा ओढली जाते, वीज नाही, मोटार नाही, आवाज नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे हवा छपराच्या पूर्ण पाख्याला आतून घासत जाते, एकही कोपरा कोंदट राहत नाही. फक्त वळचण मोकळी पाहिजे. बऱ्याच घरांत इन्सुलेशन टाकताना ते पार कडेपर्यंत दाबून भरलेलं असतं, बाहेरून जाळ्या दिसतात पण आतून बंद! अशा वेळी वाशांच्या मधे हवेसाठी पन्हळीसारख्या पट्ट्या ठोकून वाट मोकळी ठेवावी लागते. छप्पर नव्याने करणार असाल तर दुसरा विचारच करू नका, हेच करा.

बाजूच्या तिकोनी भिंतीत जाळ्या, हा जुना प्रकार. वारा एका जाळीतून शिरून दुसरीतून निघाला तर छान, पण वारा त्या दिशेने नसला तर फार काही होत नाही आणि मधला भाग तापलेलाच राहतो. वळचणच नसलेल्या घराला मात्र बऱ्याचदा याचाच आधार.

टर्बो व्हेंटिलेटर वाऱ्यावर फिरतो आणि हवा ओढतो, वीज लागत नाही, जुन्या छपरावर एका दिवसात बसतो. वारा थांबला तरी ते भोक आहेच, गरम हवा त्यातून निघत राहते. पण बेअरिंग झिजलं की रात्री कुईकुई सुरू होते, आणि बुडाशी पत्र्याचा जोड नीट बसवला नाही तर तिथूनच गळती. वारा चांगला असलेल्या उघड्या जागी चांगला, चहूबाजूंनी उंच इमारती असतील तर कमी उपयोगाचा.

माळ्यातली हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखा लोकांना सगळ्यात आवडतो कारण तो काहीतरी करताना दिसतो. माझा याला विरोध आहे आणि कारण सांगतो. खालून हवा यायला जागा कमी असली तर पंखा ती घरातून खेचतो, छताच्या फटींमधून, म्हणजे तुम्ही एसी लावून गार केलेली हवा पंखा वर ओढून बाहेर फेकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शिवाय घरात गॅसचा, धुराडं असलेला गीझर असेल तर घरातला दाब कमी होऊन त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हा जिवाशी खेळ आहे. सोलर पंख्याचं बिल येत नाही एवढंच, ओढाओढ तीच.

शेवटचा पर्याय उलटाच आहे, माळा पूर्ण बंद करून छपरालाच आतून फोम मारायचा. एसीचे डक्ट (गार हवेचे पाइप) माळ्यातूनच जात असतील किंवा बाहेरची हवाच बारा महिने दमट असेल तर हे विचार करण्यासारखं आहे, पण अर्धवट केलं तर लाकडात ओल अडकते, म्हणून जाणकाराशिवाय हात घालू नका.

मापाचं गणित सोपं आहे. सर्वसाधारण नियम असा की माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५० ला १ एवढी मोकळी जागा हवी, आणि वर-खाली साधारण निम्मी-निम्मी वाटली असेल तर ३०० ला १ चालते. म्हणजे १,२०० चौरस फुटांच्या माळ्याला ४ चौरस फूट, २ खाली आणि २ वर. जाळी, पट्ट्या यांनी अडलेली जागा यात धरायची नाही, बाहेरून १ चौरस फूट दिसणारा व्हेंट प्रत्यक्षात अर्धाच मोकळा असू शकतो, तेव्हा विकत घेताना मोकळी जागा किती तेच विचारा.

आणि दोन-तीन प्रकार एकत्र लावू नका. आढ्यावर व्हेंट आणि जवळच पंखा असं केलं तर पंखा वळचणीऐवजी त्या व्हेंटमधूनच हवा ओढतो, कधी पावसाचं पाणी पण, आणि माळ्याचा खालचा भाग तसाच कोंदट. तिकोनी जाळ्यांचंही तेच, आढ्याचा व्हेंट बसवला की त्या सहसा बंद करतात.

मी काय केलं? आधी बाथरूमचा एक्झॉस्ट जो माळ्यातच सोडलेला होता (हो, बसवणाऱ्याने पाइप बाहेर काढलाच नव्हता) तो छपराबाहेर नेला, दिव्यांची भोकं आणि झाकणाच्या फटी सील केल्या, मग वळचणीतलं इन्सुलेशन मागे ओढलं आणि आढ्यावर व्हेंट काढला. वरची खोली अजूनही तापते, पूर्वीपेक्षा कमी, कारण तापलेलं छप्पर खाली उष्णता फेकत राहतं आणि ती अडवायला इन्सुलेशनच जाड लागतं, व्हेंट ते काम करत नाही. पण पुढच्या थंडीत पहाटे टॉर्च घेऊन वर गेलो तेव्हा खिळे कोरडे होते, हात लावून बघितले, सगळे.