कडुनिंबाखालचं भोजनालय : लेकराचं वरण ३० रुपये

पाटी गेल्या पावसाळ्यात वादळानं उडाली, ती पुन्हा लागलीच नाही. म्हणून नाव विचाराल तर कोणाला सांगता येणार नाही. अमरावतीहून नागपूरकडे येताना तिवसा मागे पडलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला, की तळेगावच्या अलीकडे डाव्या हाताला एक मोठा कडुनिंब दिसतो. त्याखाली पाच बाजा, आत चार टेबलं, मागे चूल. ट्रकवाले 'कडुनिंब' म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो.

दिवाळीपासून आम्ही इथे चारदा जेवलो. मुलाला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी अमरावतीला डॉक्टरांकडे फेरी असते. दीरांची जुनी व्हॅन, त्यात हे, मी, सासूबाई, पाच वर्षांचा पोरगा आणि आता अकरा महिन्यांची झालेली पोरगी. अशा वऱ्हाडाला घेऊन कुठं जेवायचं हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. दोघंच असाल तर जिथं रस्सा चांगला तिथं जा, माझं काय ऐकता.

पहिल्या वेळी आम्ही बसतो न बसतो तोच चुलीवरून भोजनालय चालवणाऱ्या काकूंचा आवाज आला, "लेकराले काय देऊ, थे आंदी सांगा. मोठ्यायचं मंग पाहू." मी थोडी गोंधळलेच, कारण हे झणझणीत सावजी पद्धतीचं ठिकाण. मागच्या टेबलावरच्या माणसाच्या कपाळाला घाम फुटलेला आणि तो नाक पुसत पुसत आणखी तर्री मागत होता. इथं सहा-सात महिन्यांच्या पोरीला काय मिळणार? तर कळलं, की सकाळी तुरीचं वरण शिजलं की काकू फोडणी द्यायच्या आधी एक छोटं पातेलं बाजूला काढून ठेवतात. हळद तेवढी, मीठसुद्धा नाही. त्यात मऊ भात कुस्करून वर चमचाभर तूप. मोठ्या लेकराला हवं तर मीठ-जिरं घालून देतात. याचे ३० रुपये. यादीत कुठं लिहिलेलं नाही, पण 'लेकराचं वरण' म्हटलं की येतं. आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं, सहा महिन्यांनंतर वरचं खाणं कसं सुरू करायचं ते सांगितलं होतं, लेकरू वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर-मध नको म्हणून बजावलंही होतं. हायवेवरच्या ढाब्यावर नेमकं तेच समोर येईल असं वाटलं नव्हतं.

याच्या आदल्याच महिन्यात अमरावतीत एका एसी हॉटेलात गेलो होतो. बाहेर मोठ्या अक्षरात 'फॅमिली' लिहिलेलं. आत गेल्यावर त्या वेटरनं आधी पोरीकडे पाहिलं, मग आम्हाला हात धुवायच्या बेसिनजवळचं टेबल दिलं. लेकरासाठी उंच खुर्ची होती, पण तिचा पट्टा तुटलेला. दूध कालवायला कोमट पाणी मागितलं तर बाटलीचंच घ्यावं लागेल म्हणाला, आणि तेच गरम करून आणल्याचे २० रुपये बिलात वेगळे लावले. मी पोस्टात काम करते, बिल वाचल्याशिवाय पैसे देत नाही, म्हणून दिसले. पोरगी रडायला लागली तेव्हा शेजारच्या टेबलावरचं जोडपं आमच्याकडे असं पाहत होतं की जणू आम्ही त्यांच्या ताटात हात घातला. त्यांचंही खरं होतं म्हणा. ते बिचारे कधी नाही ते बाहेर पडले असतील.

लहान लेकरांना हॉटेलात घ्यावं की नाही, हा प्रश्न मला मुळात शहरातला वाटतो. आमच्याकडे पंगतीत हा प्रश्नच येत नाही. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात महाप्रसादाला बसा नाहीतर गावातल्या लग्नात बसा, लेकरू मांडीवर असतं, आणि गावच्या लग्नात पहिली पंगत लेकरांचीच उठते. पण पंगतीत कोणी पैसे मोजलेले नसतात, हेही खरं. पैसे मोजले की माणसाला शांतता हवी असते. कडुनिंबाखाली रात्रभर गाडी चालवून आलेला एक ड्रायव्हर आमची पोरगी किंचाळली तसा ताट उचलून दुसऱ्या टोकाच्या बाजेवर जाऊन बसला. बोलला काही नाही. मला मात्र जेवण होईपर्यंत अपराध्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या वेळी पाहिलं तर काकूंनी स्वतःच सोय लावली होती : ड्रायव्हर लोक झाडाच्या पलीकडे, लेकरंवाले चुलीच्या बाजूला.

माझ्या टेबलासमोरही आठवड्यातून दोन-तीन लेकरं रडतात. मी गावातल्या शाखा डाकघरात डाकपाल आहे. सुकन्या समृद्धीचं खातं दहा वर्षांखालच्या मुलीचं असतं, २५० रुपयांत उघडतं, आणि बाया खातं काढायला मुलीला घेऊनच येतात. एकीनं शिक्क्याची शाई तोंडाला फासली. एक पोट्टं तारखेचा शिक्का घेऊन थेट बाहेरच्या बोरीपर्यंत पळालं. गोंदाची बाटली तर दोनदा सांडली. लेकराला घरी ठेवून या, असं मी कोणाला म्हणू शकत नाही, ते लेकरूच माझं गिऱ्हाईक. पण शिक्का आता मी ड्रॉवरमध्ये ठेवते.

म्हणून मला काकूंची एक गोष्ट पटली, जी त्या वेळी आमच्या ह्यांना झोंबली होती. तिसरी खेप. पोरगा बाजेवरून उतरून चुलीकडे पळाला आणि काकूंचा मुलगा रश्श्याचं पातेलं घेऊन समोरून येत होता. हे मोबाईलवर कापसाचे भाव पाहत बसलेले. काकू तिथूनच कडाडल्या, "भाऊ, थो मोबाईल ठेवा खाली न् पोराले धरा! रस्सा उकळता हाय, पोट्टं मधात आलं त दोघंई जळन!" मला नाही म्हणाल्या, ह्यांना म्हणाल्या. आजवर लेकरू पळालं की सगळं हॉटेल माझ्याकडे पाहतं. सासूबाईंना हसू आवरेना. हे गाडीत बसेपर्यंत गप्प होते, पण त्या दिवसापासून बाहेर जेवताना पोरगा ह्यांच्या बाजूला बसतो.

लेकरांची सोय म्हणजे रंगीत घसरगुंडी नव्हे. वरण काढून ठेवणारं आणि वेळेवर ओरडणारं कोणीतरी हवं. हे दोन्ही एकाच माणसात सापडलं म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा थांबतो.

मागे एक छोटी खोली आहे. तिच्या दाराला जुन्या साडीचा पडदा, आत आढ्याला सुती लुगड्याची झोळी, एक बाज आणि भिंतीला टेकून बसायला सतरंजी. तान्हं लेकरू असलं तर काकू आपणच सांगतात, "जा माय, आत पाजून घे." मी तिथं वीस मिनिटं बसले, कोणी डोकावलं नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, ते चांगलंच आहे. पण एका स्टँडवर कडा उतरलेल्या त्या हिरकणीच्या नावाच्या खोलीत मला झाडू आणि मोडक्या खुर्च्या दिसल्या होत्या, आणि मी माझ्या पोरीला फलाटावर पदराखाली पाजलं. अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो म्हणून आता बाया पोरंबाळं घेऊन जास्त निघतात. त्यांना बसायला जागा लागणारच.

आता तक्रारी. संडास वाईट आहे. पाणी बादलीतून न्यावं लागतं, दाराची कडी बसत नाही, आणि लेकराचे कपडे बदलायला जागा नाही. पोरीचे दुपटे मी व्हॅनच्या मागच्या सीटवर बदलले. दुसरी गोष्ट, जेवण झालं की काकूंचा मुलगा गल्ल्यावरून सगळ्या लेकरांच्या हातात फुटाणे द्यायचा. पाच वर्षांच्याला ठीक, पण सात महिन्यांच्या पोरीच्या मुठीत फुटाणा म्हणजे जिवाशी खेळ, घशात अडकला तर करायचं काय? मी सांगितलं. त्याला थोडं वाईट वाटलं, प्रेमानंच देत होता तो. आता लहानांना लाह्या देतो.

सगळ्यात मोठी तक्रार रस्त्याची होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाजा आणि हायवे यांच्यामध्ये वीसेक पावलं मोकळी जागा, बाकी काही नाही. ट्रक वळून थेट आत यायचे. मी काकूंना म्हटलं, काकू, वरण कितीही मऊ केलं तरी लेकरू इथून रस्त्यावर गेलं तर? तेव्हा त्या फक्त "हव ना बाई" म्हणाल्या. चौथ्या खेपेला पाहिलं तर तुराट्यांचं कमरेइतकं कुंपण झालं होतं. फाटक मात्र अजून नाही, दोरी बांधतात आणि ती बहुतेक वेळ खाली पडलेली असते. माझे दोन गुण मी इथं कापते, आणि फाटक लागल्याशिवाय परत देणार नाही.

मोठ्यांचं जेवण थोडक्यात सांगते. पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, चांगला, रश्श्यात खसखस आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव लागते, पाटोड्या मात्र जरा जाड थापतात. गोळाभात, म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात, फक्त रविवारी. त्यावर लाल मिरची तडतडलेलं गरम तेल ओततात आणि बाजूला ताकाची कढी. या कढीसाठी सासूबाई रविवारीच डॉक्टरांची वेळ घ्या म्हणतात, जणू रविवारी दवाखाना उघडा असतो. मागच्या महिन्यात चुलत नणंदेच्या साखरपुड्यामुळे एकदाचा रविवार मिळाला. तेव्हाचं बिल : पाटोडी रस्सा १३०, गोळाभात १००, सहा ज्वारीच्या भाकरी १२०, कढी ४०, लेकराचं वरण ३०. एकूण ४२०. गरम पाणी मागितलं तेव्हा काकूंनी चुलीवरचं भगुणंच समोर ठेवलं, त्याचे पैसे नाहीत.

पूल ओलांडून इकडे आलं की वर्धा जिल्हा, म्हणजे दारूबंदी. ती कागदावर किती आणि शेतात किती हा वेगळा विषय, पण कडुनिंबाखाली बाटली निघालेली मी पाहिली नाही. लेकरं घेऊन संध्याकाळी थांबायचं तर हाही हिशोब बाईला करावाच लागतो.

एक विनंती लेकरंवाल्यांनाही. उठायच्या आधी बाजेखाली सांडलेला भात उचला. तिथं दोन कुत्री आहेत, ती त्या भातासाठी भांडतात आणि मग पुढच्या लेकराला बाजेवर बसायची भीती वाटते. आम्ही पहिल्या वेळी उचलला नव्हता.

सोमवारी बंद असतं. लेकराचं वरण दुपारी दोननंतर बहुतेक संपतं, तेव्हा उशीर होणार असेल तर घरून डबा घ्या. डबा उघडला तरी काकू काही म्हणत नाहीत, उलट गरम करून देतात.